बागेतली पानं कुणीतरी खाल्लेली दिसायला हवीत : देशी झाडांची बाग

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बागेवर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय. खतं, कुंड्या, कीड घालवायचे उपाय, बारमाही फुलणारी झाडं. पण आपल्या बागेत कोण येतं आणि आल्यावर त्याला काय मिळतं, या बाजूने बोलणं फारसं झालेलं नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बाग हिरवी दिसली म्हणजे ती जिवंत असतेच असं नाही. एखाद्या झाडाचं एकही पान कुरतडलेलं नसेल, कडेला अर्धगोल कातरलेलं नसेल, पानाखाली अंडी नसतील, तर ते झाड तिथल्या कुणाच्याच उपयोगाचं नाही. आपण अशा झाडाला निरोगी म्हणतो. पक्ष्याच्या दृष्टीने ते कुलूप लावलेलं कोठार आहे.

कारण साधं आहे. झाडं स्वतःच्या बचावासाठी पानांत कडू, विषारी, चिकट रसायनं भरतात. ती पचवण्याची हातोटी एखाद्या किड्याला साधायला हजारो पिढ्या लागतात आणि ती ठरावीक झाडांपुरतीच साधते. रुईचा चीक बहुतेक प्राण्यांना सोसत नाही, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईवर वाढते, रुईचं विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज आणि क्रिमझन रोज ही फुलपाखरं वाढतात. कढीपत्ता, लिंबू, बेल यांवर कॉमन मॉरमॉन. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. वड-उंबरावर कॉमन क्रो. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरन, आणि त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की शोधून सापडत नाही. मादी पानावर उतरून पायांनी चव घेते. नेमकं झाड नसेल तर ती अंडी घालत नाही, निघून जाते.

आता आपण रस्त्याकडेला आणि संकुलांत काय लावलं ते आठवा. गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य-दक्षिण अमेरिकेतले. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. यांतली काही फार देखणी आहेत, सावलीही देतात, पण त्यांची पानं खाणारे बहुतेक किडे त्यांच्या मूळ मुलखात राहिले. अळ्या नाहीत म्हणजे पिलांना घास नाही. चिमणी एरवी दाणे खाते, पण घरट्यातल्या पिलांना ती किडे आणि अळ्याच भरवते. शिंपी, वटवट्या, वल्गुली या पक्ष्यांचं तर बरंचसं किड्या-अळ्यांवरच चालतं.

याचा नीट अभ्यास अमेरिकेत झालाय. वॉशिंग्टन परिसरातल्या घरगुती बागांमध्ये कॅरोलायना चिकडी या छोट्या पक्ष्यावर नजर ठेवून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात देशी झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की त्या बागांत चिकडीची संख्या टिकत नाही. हा पक्षी आपल्याकडचा नाही, झाडंही नाहीत, तेव्हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. पण दिशा तीच आहे. आणि ७० म्हणजे १०० नव्हे, हेही लक्षात घ्या. मोगऱ्याशेजारी चार हौसेची परदेशी झाडं ठेवायला कुणाची हरकत नाही.

तुमच्याकडे कुठली देशी झाडं आहेत, त्यांवर कोण येतं, आणि लावायची असतील तर अडचण काय येते, ते लिहा.

ओलीमाती

रानजाईताई, फार गरजेचा धागा. माझ्याकडे जमीन नाही, फक्त बाल्कनी आहे, तीही पश्चिमेची. दुपारनंतर कडक ऊन. कुंडीत काय करता येईल? आणि अळ्या पूर्ण झाड फस्त करतात त्याचं काय करायचं?

रानजाई

ओलीमाती, कुंडीतला कढीपत्ता हीच सुरुवात. त्याच्या जोडीला कागदी लिंबू. कोरांटी लावा, तिच्यावर लेमन पॅन्सी वाढते आणि फुलं हिवाळ्यात भरभरून येतात. एखाद्या पसरट कुंडीत घोळ आपोआप उगवते, ती उपटू नका. घोळीवर डॅनेड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू वाढतं. त्याच्या मादीने हुबेहूब प्लेन टायगरचं रूप घेतलंय. पक्षी रुईवर वाढलेल्या विषारी फुलपाखराला टाळतात, म्हणून तिलाही टाळतात. असाच प्रकार कॉमन मॉरमॉनचा. त्याच्या मादीचं एक रूप कॉमन रोजसारखं दिसतं. म्हणजे ईश्वरीचा वेल आणि कढीपत्ता एकाच परिसरात असले तर नक्कल आणि अस्सल दोन्ही एकत्र बघायला मिळतात.

फस्त होण्याबद्दल. कढीपत्त्याची पानं खाल्ली गेली तरी झाड मरत नाही, पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी फुटते. रोप अगदी लहान असेल तर दोन-तीन रोपं ठेवा, एकावर भार येत नाही. बहुतेक अळ्यांचा शेवट शिंपी, बुलबुल, गांधीलमाशी यांच्या पोटात होतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं तेवढ्या त्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत.

फवारणी मात्र पूर्ण बंद. निंबोळी अर्कसुद्धा या झाडांवर नको, तो अळ्यांची वाढ रोखण्यासाठीच असतो. रोपवाटिकेतून रोप आणताना त्यावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारलंय का ते विचारून घ्या. ते पानांत आणि फुलांच्या रसातही उतरतं आणि बराच काळ टिकतं.

विवेकी_वाचक

धागा वाचला. काही शंका आहेत, वादासाठी नाही, खरंच पडलेल्या.

१) आमच्या आवारात घाणेरीवर जितकी फुलपाखरं येतात तितकी कुठल्याच देशी झाडावर दिसत नाहीत. मग घाणेरी वाईट कशी?

२) चिंच आफ्रिकेतली आहे. ती पण काढायची का? परकं आणि आपलं ही रेघ कुठे मारायची?

३) पानफुटी मादागास्करची, पण तिच्यावर रेड पिएरो फुलपाखरू वाढतं, हे मी स्वतः पाहिलंय. मग तुमच्या सिद्धांताचं काय?

रानजाई

तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

घाणेरीवर फुलपाखरं मध प्यायला येतात. मध हे सार्वजनिक पाणपोईसारखं असतं, कुणीही पिऊ शकतं. पण अळीचं पोट पानावर भरतं आणि घाणेरीचं पान आपली फुलपाखरं खात नाहीत. त्याच वेळी घाणेरी अशी गच्च माजते की तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, आणि तिची फळं पक्षी लांबवर नेऊन टाकतात. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. म्हणजे फुलपाखराला एक वेळ मध मिळतो आणि त्याच्या पुढच्या पिढीचं झाड मारलं जातं. मधच द्यायचा असेल तर दिंडा लावा. त्याच्या हिरवट-पांढऱ्या बारीक फुलांवर पावसाळ्यात जी झुंबड उडते ती एकदा बघाच. निरगुडी, धायटी, लोखंडी, भारंगी, करवंद हीसुद्धा.

चिंच. नाही, काढायची नाही. ती शेकडो वर्षं इथे आहे, रानावर आक्रमण करत नाही, घुबडं-पिंगळे तिच्या ढोलीत राहतात. झाड कुठून आलं यापेक्षा ते इथे काय करतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. नव्याने काय लावायचं ते ठरवताना मात्र देशी झाडाला पहिला मान.

पानफुटी. तुम्ही पाहिलंत ते बरोबरच आहे. रेड पिएरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून नुसती पांढुरकी रेघ दिसते. पण याचं कारण असं की पानफुटीच्याच कुळातल्या, कलांचो प्रजातीच्या वनस्पती भारतात मुळातच आहेत. अळीला रसायन ओळखीचं आहे. परकं झाड देशी झाडाचं जवळचं नातलग असेल तर कधीकधी असं जमतं.

कधीकधी याच गोष्टीचा सापळाही होतो. बदकवेल म्हणून जो शोभेचा वेल मिळतो, तो ईश्वरीचा दक्षिण अमेरिकेतला नातलग. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग फुलपाखराची मादी त्याच्या वासाला फसून त्यावर अंडी घालते आणि अळ्या पानं खाऊन मरतात. तिथे लोक हा वेल शोधून शोधून उपटतात. आपल्याकडे ईश्वरी असताना बदकवेल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विवेकी_वाचक

उत्तराबद्दल आभार. मध आणि पान यातला फरक या आधी कुणी इतका नीट सांगितला नव्हता.

माळकरी

सगळं पटलं, पण एक गोष्ट राहून जातेय आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे.

देशी झाडं लावा म्हटलं की लोक टिकाव-फावडी घेऊन सरळ माळावर जातात. कृपा करून माळरानावर झाडं लावू नका. देशीसुद्धा नकोत.

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत, जिथे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथला गवताळ माळ हा उजाड झालेलं जंगल नाही. तो माळच आहे, फार जुना. सरकारी दप्तरात त्याची नोंद पडीक जमीन म्हणून होते आणि तिथेच घात होतो. कुसळी, पवना, मारवेल या गवतांवर तिथलं सगळं उभं असतं. कुसळीचं बी बघा, त्याच्या शेपटीला पीळ असतो. दवाने-पावसाने ओली झाली की शेपटी उलगडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि बी स्वतःच जमिनीत रुतत जातं. चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना मोकळं आणि लांबवर दिसणारं रान लागतं. काळवीट आणि लांडगाही तिथलेच. माळढोक तर या माळांबरोबरच जवळपास संपला. तिथे ओळीने खड्डे मारून रोपं लावली की भक्षक पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात आणि जमिनीवरची घरटी जातात.

कोकणातल्या कातळसड्यांचं आणि कासच्या पठाराचंही तेच. वरून उघडा खडक दिसतो, पण पावसाळ्यात त्या बोटभर मातीवर ज्या वनस्पती उगवतात त्यातल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथे माती आणून टाकून झाडं लावणं म्हणजे त्या सगळ्यांना गाडणं.

देशी हा शब्द देशाच्या सीमेवरून ठरत नाही. घाटमाथ्यावरची अंजनी सोलापूरकडच्या मुरमात परकीच, आणि माळावरचा हिवर महाबळेश्वरात परका.

रानजाई

माळकरी, हे मूळ धाग्यातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे प्लॉट माळावर असेल तर तिथल्या बागेत काय असावं, ते लिहाल का?

माळकरी

लिहितो. पहिलं म्हणजे एखादा कोपरा गवताला द्या आणि दसऱ्यापर्यंत कापू नका, बी पडू द्या. मुनिया त्या बियांवर येतात, ईव्हनिंग ब्राउन आणि बुशब्राउन फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात. तरवड लावा. पिवळ्या फुलांचं झुडूप, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी जवळजवळ नकोच. त्याचे परागकण कोशाच्या टोकाच्या भोकातून बाहेर पडतात, तेही कुणी हलवल्यावर. भुंगा फुलाला धरून विशिष्ट सुरात गुणगुणतो आणि त्या थरथरीने पराग सांडतो. मधमाशीला हे जमत नाही. एकट्या तरवडासाठी लोक भुंगे बघायला येतात आमच्याकडे.

झाडंच हवी असतील तर विरळ : हिवर, आपटा, बोर, मेडशिंग, पळस. मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. खुळखुळा आपोआप येईल, येऊ द्या. त्याच्या वाळक्या फांद्यांवर टायगर कुळातल्या फुलपाखरांचे नर घोळक्याने बसून रस ओढतात. तो त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतो.

सावली

आमच्या संकुलात दाट लागवडीची जपानी पद्धत करायचं चाललंय, मियावाकी. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं. ती करावी का?

माळकरी

अकिरा मियावाकी यांनी ती पद्धत जपानच्या दाट, ओल्या जंगलांवरून बसवली. मूळ कल्पनेत त्या जागेचं नैसर्गिक जंगल कोणतं याचा आधी अभ्यास आहे, तो भाग आपल्याकडे बहुतेक वेळा गाळला जातो. घाटाकडच्या भरपूर पावसाच्या भागात, खराब झालेल्या जागेवर, ती चालू शकेल. कोरड्या दख्खनवर तितकी दाट राई निसर्गातच नसते, त्यामुळे पाणी घालत राहावं लागतं आणि रोपं उंच, काटकुळी होतात. संकुलात माझी पसंती अंतर ठेवून, थरांनी लावायला : वर दोन-तीन मोठी झाडं, खाली झुडपं, त्याखाली वेली आणि पावसाळी रोपटी. पक्ष्यांना प्रत्येक थरात वेगळं काम असतं. शिंपी झुडपात, शिंजीर वर, सातभाई जमिनीवर पाचोळा उलथत.

उंबरठा

मी कोकणातून. समुद्राकडच्या वाऱ्यात आणि खाऱ्या हवेत उंडी, भेंड, करंज, पांगारा उत्तम तग धरतात. त्यातला पांगारा फार मोलाचा. उन्हाळ्याच्या तोंडावर, रान वाळत असताना, पांगारा-पळस-काटेसावर हे तिघं लाल होतात. मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल, सगळ्यांची तिथे हजेरी. देशावर पळसावर भोरड्यांचे थवे उतरतात, हिवाळ्यासाठी आलेल्या, परतीच्या वाटेवर. काटेसावरीला रात्री वटवाघळंही येतात.

आणि ज्यांच्याकडे खरी जागा आहे त्यांनी एक तरी उंबर लावावा. वड-पिंपळ-उंबर या प्रत्येकाची परागीभवन करणारी चिमुकली माशी स्वतंत्र असते आणि तिची पिढी फळाच्या आतच वाढते. ती माशी टिकायची तर परिसरात कुठलं ना कुठलं झाड सतत फळावर असावं लागतं, म्हणून ही झाडं सगळी एकदम फळत नाहीत. इतर काहीच नसतं त्या दिवसांत तांबट, हरियाल, कोकिळ, धनेश, वटवाघळं उंबर-वडावर निभावतात. हरियाल आपला राज्यपक्षी, पण त्याला झाडं देताना आपला हात आखडतो.

भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून मात्र लांब लावा. उंबराची मुळं ओल शोधत जातात.

सावली

मग आमच्यासारख्या मर्यादित जागेत?

रानजाई

सावली, मध्यम उंचीची झाडं घ्या. बहावा, ताम्हण, कांचन, आपटा, मेडशिंग, कुडा, पारिजातक. ताम्हण आपलं राज्यफूल, मूळचं ओढ्याकाठचं झाड, थोडी ओल असलेली जागा द्या. कुंपणाला मेंदी किंवा ड्युरांटा लावून दर महिन्याला कापत बसण्याऐवजी करवंद, निरगुडी, अडुळसा, कोरांटी यांची मिश्र जाळी करा. काटेरी करवंदीत घरटं केलं की मांजराला आत शिरता येत नाही. वेल हवा असेल तर माधवीलता, मोरवेल, पिळुकी. भिंतीवर गुळवेल.

सप्तपर्णीबद्दल एक सावधगिरी. ती देशी आहे, पण एकाच रस्त्यावर ओळीने शंभर लावली की हिवाळ्याच्या तोंडावर तिचा उग्र गंध लोकांना सोसत नाही. झाड देशी आहे एवढ्यावर थांबू नका, मिसळून लावा. एकाच जातीची लांबच लांब रांग कुठल्याच किड्या-पक्ष्याच्या फारशी उपयोगाची नसते. बहर येतो तेव्हा सगळीकडे, जातो तेव्हा सगळीकडून.

आणि मोठे गुलमोहर, पर्जन्यवृक्ष असतील तर ते तोडायला घेऊ नका. त्यावर घरटी असतात, सावली असते. शिवाय महाराष्ट्रात नागरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. एखादं म्हातारं होऊन पडलं की त्याच्या जागी देशी लावा. त्याच्या खाली सावलीत चालणारी दसमुळी, पेवा, रानहळद आत्ताही लावता येईल.

पाणकोळी

झाडांवर सगळे लिहितायत, मी जमिनीबद्दल लिहितो.

जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. पोळं करून राहणाऱ्या आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेल्या पोया आपल्याला ठाऊक असतात. पण बहुसंख्य जाती एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या बहुतेकींची घरं जमिनीत असतात. बागेत एक इंचही उघडी माती न ठेवता सगळीकडे फरशी किंवा हिरवळ अंथरली की त्यांना जागाच राहत नाही. उन्हात येणारी, पाणी न साचणारी हातभर उघडी माती राखून ठेवा. भुंग्यासाठी वाळलेल्या लाकडाचा ओंडका. पोकळ काड्यांत पानकापी माश्या राहतात. गुलाबाच्या किंवा बहाव्याच्या पानाला नीट गोल काप दिसला तर समजा ती आली होती, त्या तुकड्यांनी ती पिलांची खोली शिवते.

पाचोळा जाळू नका, गोळा करून देऊनही टाकू नका. झाडाखाली पसरा. काजव्याचं बहुतांश आयुष्य अळी म्हणून पाचोळ्यात आणि ओल्या मातीत जातं, ती गोगलगायी खाते. पाचोळा उचलला की काजवे गेले.

दिव्यांबद्दलही बोललं पाहिजे. झाडांच्या खोडाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा आणि वर रोखलेले झोत हे रात्रीच्या सगळ्या जिवांना मारक आहेत. काजव्यांचा नर चमकून मादीला साद घालतो आणि झोतात त्याची चमक हरवते. पारिजातकासारख्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर येणारे पतंगही दिव्याभोवती फिरत राहतात. दिवा हवाच असेल तर पिवळसर, खाली तोंड केलेला, आणि गरज नसताना बंद.

सावली

पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं तर डास होतील अशी तक्रार येते. कुणी म्हणालं गप्पी मासे सोडा.

पाणकोळी

गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे आणि एकदा ओढ्या-तळ्यात गेला की देशी माशांची, बेडकांची अंडी खातो. पक्ष्यांसाठी उथळ पसरट भांडं ठेवा, आत एक-दोन दगड, म्हणजे माशा-फुलपाखरांना उतरायला जागा. पाणी एक दिवसाआड ओतून भांडं घासा. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा तरी लागतो, त्यामुळे त्यात तो वाढूच शकत नाही. कायमचं छोटं तळं करणार असाल तर त्यात जलब्राह्मी आणि वाळा लावा. चतुर येतील, त्यांची पिलं पाण्यात डासांच्या अळ्या खातात.

ओलीमाती

एक प्रश्न विचारायला संकोच वाटतोय, पण शेजारच्यांनी विचारलाय. अशी जरा रानटी बाग केली की साप येतील का?

पाणकोळी

संकोच कशाला, योग्य प्रश्न आहे. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे, उष्ट्या अन्नामागे येतात. कचरा झाकलेला ठेवा, बांधकामाचा राडारोडा आणि विटांचे ढीग हलवा, ये-जा करायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हातभर अंतर गवत बुटकं ठेवा. रात्री विजेरी घेऊन चाला. आणि दाट भाग घराला चिकटून नको, कुंपणाकडे.

रानजाई

याच्याशी जोडून एक सांगते. कडा नीटनेटकी ठेवली की लोकांची तक्रार पुष्कळ कमी होते. वाट आखलेली, काठाला दगड लावलेले, आत काय आहे याची एक पाटी. मग आत कुर्डू-टाकळा-तेरडा कितीही वाढला तरी लोकांना ते दुर्लक्ष वाटत नाही. पाटीवर "फवारणी करू नये, या अळ्या फुलपाखरांच्या आहेत" हे ठळक लिहा. माळीकाम करणाऱ्या दादांना स्वतः दाखवा, अळी कुठली, कोश कुठला. एकदा कोशातून फुलपाखरू निघताना त्यांनी पाहिलं की तेच इतरांना फवारू देत नाहीत.

छाटणी पावसाआधी करायची पद्धत आहे, धोकादायक फांद्यांसाठी ती लागते. पण हेच दिवस बऱ्याच पक्ष्यांच्या विणीचे असतात. फांदी कापण्याआधी घरटी बघा, आणि धोक्याची नसेल ती छाटणी हिवाळ्यावर ढकला.

लहान मुलं असतील तर रुई, कण्हेर, कळलावी हाताला लागणार नाहीत अशा जागी. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये.

उंबरठा

आमच्याकडे आंब्यावर बांडगूळ आहे. सगळे म्हणतात काढा. काढू?

रानजाई

झाड जुनं आणि सशक्त असेल तर थोडं राहू द्या. हळदी-कुंकू फुलपाखरू, ज्याला कॉमन जेझबेल म्हणतात, त्याच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसून जातो, दोघांचं एकमेकांवर चालतं. फांद्या वाळायला लागल्या, पसारा फार झाला, तर तेवढा भाग कापा.

सावली

ठरलं, यंदा पाऊस सुरू झाला की सुरुवात. रोपं मिळवायची कशी? देशी झाडं विचारली की पुन्हा तीच चार-पाच नावं पुढे येतात.

माळकरी

सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्याच परिसरातल्या झाडाचं बी. तिथल्या पावसाला, मातीला ते झाड सरावलेलं असतं. आपल्या भागात मूळचं काय होतं ते बघायला जवळची देवराई गाठा, ती जुन्या जंगलाची शिल्लक आहे. पण तिथून रोपं उपटू नका, बीसुद्धा उचलू नका, ते तिथेच राहायला हवं. रस्त्याकडेची, शाळांच्या आवारातली, शेताच्या बांधावरची जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली भरपूर बी पडतं.

बहाव्याच्या बीचं कवच कठीण असतं. खरखरीत दगडावर एका बाजूने थोडं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि मग पेरा. जांभूळ, कडुनिंब, करवंद यांचं बी ठेवणीत टिकत नाही, काही दिवसांत उगवण कमी होते, म्हणून गर धुऊन लगेच पेरायचं. पळसाच्या शेंगेत टोकाला एकच चपटं बी असतं, मे-जूनमध्ये ताजं घ्या. पांगारा आणि वड फांदीने लागतात, पाऊस सुरू झाल्यावर. निरगुडीचीही फांदी लागते. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये तडकतात, कापूस उडायच्या आत गोळा करावी लागतात.

सावली

आणि लावल्यावर पाणी किती?

माळकरी

पहिले दोन उन्हाळे सांभाळायचे. आठवड्यातून एकदा, पण खोल जाईल असं, बुंध्याला न घालता थोडं दूर आळ्यात. आळ्यात पाचोळ्याचा वीतभर थर, बुंध्यापासून चार बोटं सोडून. रोज थोडं थोडं पाणी घातलं तर मुळं वरच राहतात आणि झाड कायमचं तुमच्यावर अवलंबून होतं. तिसऱ्या वर्षापासून बहावा, पळस, आपटा, हिवर यांना पाणी देऊच नका. ताम्हणाला मात्र लागेल.

सावली

समजलं. बहाव्याच्या शेंगा पडल्यात आवारात, उद्याच घासून भिजत घालते.

माळकरी

शेंग फोडल्यावर काळा चिकट गर निघेल, तो आधी धुऊन काढा, नाहीतर बी बुरशीने कुजतं. पेरताना नेहमीच्या पिशवीपेक्षा उंच पिशवी घ्या. बहाव्याचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि तळाशी वळलं तर पुढे झाड नीट धरत नाही.